कर्णा संगणकात मांडताना: वक्र निवडण्यापासून मोजून पाहण्यापर्यंत

रिक्षेच्या टपावर बांधलेला भोंगा असो की थिएटरच्या पडद्यामागचा माणसाएवढा कर्णा, दोन्हींचे मॉडेल करताना आपण संगणकाला मुख्यतः एकच गोष्ट सांगतो: घशापासून तोंडापर्यंत जाताना आतली वाट कशी रुंदावत जाते. पुढचे काम संगणकाचे. पंचाईत अशी की संगणक कधी कुरकुर करत नाही. आकार चुकीचा दिला तरी आलेख तितकाच गुळगुळीत उमटतो आणि आपण खूश होऊन प्लायवुड कापायला घेतो.

म्हणून इथे सॉफ्टवेअरची बटणे कमी आणि आकार जास्त आहे. आलेख समोर आला की आधी एक प्रश्न विचारायचा: या मॉडेलने कर्ण्याच्या आत तरंगाग्र, म्हणजे आवाजाच्या लाटेचा पुढे सरकणारा पृष्ठभाग, कसे धरले आहे? सपाट, गोलाच्या तुकड्यासारखे, की काहीच न धरता हिशोबाने काढले आहे? वक्र बदलला की या प्रश्नाचे उत्तर बदलते. मॉडेल कुठपर्यंत खरे बोलते हे त्यावरच ठरते.

आधी एक कर्णा ठरवू

हवेतल्या गप्पा नकोत म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. गोल कर्णा, १ इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हर (कर्ण्याच्या अरुंद टोकाला, घशाला, जोडायचा आवाजाचा उगम), म्हणजे घसा २५.४ मिमी व्यासाचा, क्षेत्रफळ ५.०७ चौ. सेंमी. कटऑफ, म्हणजे जिच्या खाली कर्णा पकड घेत नाही ती वारंवारता, ५०० हर्ट्झ. आवाजाचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे हवा २० अंश सेल्सिअसची. (मे महिन्यात विदर्भात काम करत असाल तर हा आकडा बदला. ३८ अंशाला वेग ३५४ च्या आसपास जातो आणि तोच कर्णा ५०० ऐवजी ५१६ हर्ट्झचा होतो. मोजमाप आणि मॉडेल जुळत नाही म्हणून डोके धरण्याआधी थर्मामीटर पाहावा.)

तोंड किती मोठे हवे? जुना आणि अजूनही चालणारा ठोकताळा असा: मोकळ्या जागेत टांगलेल्या कर्ण्याच्या तोंडाचा परीघ कटऑफच्या एका तरंगलांबीएवढा असावा. ५०० हर्ट्झची तरंगलांबी ६८.६ सेंमी, म्हणून त्रिज्या १०९.२ मिमी आणि क्षेत्रफळ सुमारे ३७५ चौ. सेंमी.

वक्राची निवड

बहुतेक जण एक्स्पोनेन्शियल वक्रापासून सुरुवात करतात, तशी आपणही करू. यात ठरावीक अंतर गेले की क्षेत्रफळ दुप्पट होते, मग पुन्हा तेवढेच अंतर गेले की पुन्हा दुप्पट. विस्ताराचा दर म्हणजे ४ गुणिले ३.१४१६ गुणिले कटऑफ, भागिले आवाजाचा वेग. आपल्या कर्ण्यासाठी तो दर मीटरला १८.३ येतो, म्हणजे दर ३.७८ सेंमीला क्षेत्रफळ दुप्पट. घशापासून तोंडापर्यंत क्षेत्रफळ ७४ पट व्हायचे आहे, त्यामुळे लांबी २३.५ सेंमी भरते. साचा करायला उपयोगी पडतील अशा त्रिज्या या: घशाशी १२.७ मिमी, ५ सेंमीवर २०.१, १० सेंमीवर ३१.७, १५ सेंमीवर ५०.२, २० सेंमीवर ७९.३ आणि शेवटी १०९.

आता हाच घसा, हेच तोंड आणि हीच लांबी ठेवून सरळ भिंतींचा शंकू करा. मध्यरेषेपासून भिंतीचा कोन २२.३ अंश येतो. बाहेरून दोघे चुलतभाऊ दिसतात, पण ड्रायव्हरला घशाशी जाणवणारा भार अगदी वेगळा असतो. अनंत लांबीचा कर्णा धरून घशाचा ध्वनिरोध (कर्ण्यातली हवा ड्रायव्हरला किती भार देते ते) काढला, पूर्ण भार म्हणजे १ असे मानले, तर १००० हर्ट्झला एक्स्पोनेन्शियल ०.८७ देतो आणि शंकू जेमतेम ०.२७. ६०० हर्ट्झला ०.५५ विरुद्ध ०.१२. २००० हर्ट्झला ०.९७ विरुद्ध ०.६०. शंकूला ठळक कटऑफ नसतो, तो हळूहळू चढत जातो. एक्स्पोनेन्शियल कटऑफच्या खाली काहीच घेत नाही आणि वर गेला की झटकन पकड घेतो. याचे कारण घशाजवळ आहे. शंकू सुरुवातीलाच फार वेगाने रुंदावतो, त्यामुळे लांब तरंगाला आधाराची भिंत मिळण्याआधीच वाट मोकळी होते.

या दोघांना एका सूत्रात बसवायचे काम व्हिन्सेंट सॅल्मन यांनी १९४६ मध्ये केले. त्यांच्या हायपरबोलिक घराण्यात एकच आकडा फिरवायचा असतो: तो १ ठेवला की एक्स्पोनेन्शियल, ० ठेवला की कॅटेनॉइड (टांगलेल्या साखळीच्या वक्राचा आकार), आणि फार मोठा केला की शंकू. ०.६ च्या आसपास ठेवला तर कटऑफजवळचा भार आश्चर्य वाटावे इतका सुधारतो. आपल्या उदाहरणात ६०० हर्ट्झला ०.५५ ऐवजी ०.९९ मिळतात. मॉडेलमध्ये हा आकडा पाहून मोह होतोच. मात्र त्यासाठी घशाजवळची वाट जास्त काळ अरुंद राहते. अरुंद वाटेत मोठा आवाज दाबला की हवा स्वतःच सरळ वागेनाशी होते आणि दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचा नको असलेला सूर, वाढतो. नेहमीची मॉडेल रेषीय असतात, त्यांना हे दिसत नाही. मोठ्या आवाजाच्या पीए (सार्वजनिक ध्वनिक्षेपण) कामासाठी ०.६ निवडताना मी म्हणून दहादा विचार करेन, घरातल्या मिडरेंज कर्ण्यासाठी मात्र बेलाशक.

तिसरा ट्रॅक्ट्रिक्स. इंग्लंडात पॉल व्हॉइट यांनी १९२० च्या दशकात तो लाऊडस्पीकरला आणला. त्यांची कल्पना सुंदर होती: तरंगाग्र सपाट नसून गोलाचा तुकडा आहे आणि त्या गोलाची त्रिज्या सगळीकडे सारखीच आहे असे धरा, म्हणजे भिंतीचा वक्र आपोआप ठरतो. तोंडाशी भिंत थेट ९० अंशांत बाहेर वळते. आपल्या उदाहरणात ट्रॅक्ट्रिक्सची लांबी २०.२ सेंमी येते, एक्स्पोनेन्शियलपेक्षा ३ सेंमींहून अधिक आखूड. कल्पनेत एक खोट आहेच. घशाशी ड्रायव्हरमधून येणारे तरंगाग्र जवळपास सपाट असते, तिथे तोंडाएवढ्याच त्रिज्येचा गोल कुठून आणणार? फ्रान्सचे जाँ-मिशेल ल क्लेआक यांनी याच दुखण्यावर बोट ठेवले. त्यांच्या पद्धतीत तरंगाग्रे एकमेकांपासून समान अंतरावर राहतील अशी, घशापासून टप्प्याटप्प्याने मांडत जातात. त्यामुळे भिंत ९० अंशांवर न थांबता मागे वळूनही जाऊ शकते.

चौथा प्रकार अर्ल गेडिस यांनी १९८९ मध्ये मांडलेला ओब्लेट स्फेरॉइडल. सुरुवातीला भिंत अक्षाला समांतर, पुढे जाऊन हव्या त्या कोनाचा शंकू. सूत्र हातानेही करता येते: घशाच्या त्रिज्येचा वर्ग, अधिक अंतर आणि कोनाचा टॅन्जंट यांच्या गुणाकाराचा वर्ग, आणि बेरजेचे वर्गमूळ. भार म्हणून हा आकार शंकूच्याच वाटेने जातो. त्याचा उपयोग आवाज कुठे पसरतो हे आवरण्यासाठी.

कुठले क्षेत्रफळ द्यायचे?

एकमितीय मॉडेल, म्हणजे १९१९ मध्ये आर्थर गॉर्डन वेब्स्टर यांनी प्रसिद्ध केलेले समीकरण आणि त्यावर उभी असलेली सगळी सॉफ्टवेअर, कर्ण्याच्या प्रत्येक ठिकाणी एकच क्षेत्रफळ मागते. आपण फुटपट्टीने मोजतो ते सपाट काप. तरंग मात्र भिंतीला काटकोनात राहू पाहतो, म्हणून भिंत कललेली असेल तिथे तरंगाग्र फुगते आणि त्याचे क्षेत्रफळ सपाट कापापेक्षा जास्त होते.

किती जास्त? २ भागिले (१ अधिक भिंतीच्या कोनाचा कोसाइन). आपल्या २२ अंशांच्या शंकूत फरक ४ टक्के, तो सोडून द्यायला हरकत नाही. ४५ अंशांना १७ टक्के. ट्रॅक्ट्रिक्सच्या तोंडाशी ९० अंशांना थेट दुप्पट.

एक गंमत इथे सांगायला हवी. परीघ बरोबर एक तरंगलांबी ठेवलेल्या एक्स्पोनेन्शियल कर्ण्याच्या तोंडाशी भिंतीचा उतार नेमका १ येतो, म्हणजे ४५ अंश. कटऑफ कुठलाही घ्या, उत्तर तेच. म्हणजे पाठ्यपुस्तकी एक्स्पोनेन्शियल कर्णासुद्धा तोंडाशी आपल्याच समीकरणापासून १७ टक्के सरकलेला असतो. सपाट कापाने एक्स्पोनेन्शियल असलेला कर्णा तरंगाच्या दृष्टीने तोंडाकडे थोडा जास्तच वेगाने उघडतो.

व्यवहारात असे करा. घशाकडचा अर्धा भाग सपाट कापाने द्या. भिंत २५ अंशांपलीकडे झुकू लागली की प्रत्येक ठिकाणी वरच्या सूत्राने क्षेत्रफळ वाढवा आणि अंतरही मध्यरेषेवर फुगवट्याच्या टोकापर्यंत मोजा. दोन्ही आलेख, सपाट आणि फुगीर, एकमेकांवर ठेवा. जिथे ते वेगळे होतात तिथे मॉडेल अंदाज बांधते आहे असे समजा.

ड्रायव्हरचा घसाही कर्ण्याचाच भाग आहे

हा धडा मी पैसे घालवून शिकलो. पहिल्या फायबरग्लास कर्ण्याचे मॉडेल मी फ्लँजपासून, म्हणजे ड्रायव्हर आणि कर्णा जिथे जोडतात त्या कडेपासून, सुरू केले. मोजल्यावर इंपिडन्सच्या (ड्रायव्हरच्या विद्युत रोधाच्या) आलेखातली छोटी शिखरे मॉडेलपेक्षा एकमेकांच्या जवळ आली. दोन आठवडे मी व्हॉइस कॉइलवर संशय घेत होतो. शेवटी ड्रायव्हर उघडला तेव्हा फेज प्लगपासून (पडद्यासमोरचा, आवाज घशाकडे नेणारा खाचांचा ठोकळा) फ्लँजपर्यंत सुमारे ४ सेंमीची निमुळती वाट निघाली. कटऑफच्या बरेच वर शिखरांमधले अंतर ढोबळमानाने वेग भागिले दुप्पट लांबी एवढे असते: २३.५ सेंमीला ७३० हर्ट्झ, २७.५ सेंमीला ६२०. सगळा फरक तिथेच होता.

म्हणून मॉडेल फेज प्लगच्या तोंडापासून सुरू करायचे. ड्रायव्हरच्या बाहेर पडणाऱ्या वाटेचा कोनही मोजा. कर्ण्याची भिंत त्या कोनाला जुळली नाही तर सांध्यावर कोपरा तयार होतो, आणि ओब्लेट स्फेरॉइडलसारख्या नाजूक आकाराचा अर्धा फायदा तिथेच जातो. एकमितीय मॉडेलला हा कोपरा कळत नाही, त्याला फक्त क्षेत्रफळ दिसते.

तोंडाच्या पलीकडे काय आहे ते सांगा

कर्णा जिथे संपतो तिथे तरंगाला खोली भेटते. काही भाग परत फिरतो आणि तीच आलेखातली लाटालाट. मॉडेलमध्ये तोंडावरचा भार निवडावा लागतो: मोकळ्या अवकाशात टांगलेला, जमिनीवर किंवा भिंतीत बसवलेला, की खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला. नुसत्या नळीचे टोक मोठ्या फळीत बसवले तर कमी वारंवारतेला नळी तिच्या त्रिज्येच्या ०.८५ पट लांब असल्यासारखी वागते, फळी नसेल तर ०.६१ पट. कर्ण्याच्या तोंडाशीही फळी असण्या-नसण्याने असाच फरक पडतो.

पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीच्या भिंतींनाच कर्ण्याचा शेवटचा भाग बनवले. दोन भिंती आणि जमीन आरशासारख्या तोंडाची प्रतिमा दाखवतात, म्हणून कपाटाएवढ्या पेटीतून बास निघतो. अशा कर्ण्याचे मॉडेल मोकळ्या अवकाशाच्या पर्यायावर चालवले तर आलेखात खड्डेच खड्डे दिसतील. गणपतीच्या मांडवासाठी स्टेजखाली ठेवायचे बास कर्णे करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे: जमीन आहे, भिंती नाहीत, आणि चार पेट्या शेजारी लावल्या की तोंड एकच मोठे होते. एका पेटीचा आलेख पाहून घाबरायचे कारण नाही, चारही पेट्यांचा मिळून पाहा.

प्रत्यक्ष मांडणी

ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड मॅकबीन यांचे हॉर्नरेस्प हे मोफत सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरते. त्यात क्षेत्रफळ चौ. सेंमीत, लांबी सेंमीत आणि ड्रायव्हरमागच्या पेटीचे आकारमान लिटरमध्ये भरायचे असते. नवख्यांची चूक ठरलेली. तिथे पडद्याचे वस्तुमान हवेच्या भाराशिवाय हवे असते आणि कंपनीचा कागद देतो तो आकडा हवेसकट असतो. १३ सेंमी त्रिज्येच्या स्पीकरच्या पडद्यावर दोन्ही बाजूंची हवा मिळून सुमारे १४ ग्रॅम होते. एवढे वजन दोनदा मोजले तर वरच्या टोकाला आवाज उगाच कमी दिसतो. कॉम्प्रेशन ड्रायव्हरचे असे आकडे अनेकदा मिळतच नाहीत. तेव्हा ड्रायव्हर बाजूला ठेवून फक्त घशाच्या ध्वनिरोधाचा आलेख पाहा. वक्रांची तुलना करायला तेवढा पुरतो.

स्वतः कोड लिहिणार असाल तर कर्ण्याचे लहान तुकडे करा, प्रत्येक तुकड्याचे दोन गुणिले दोनचे मॅट्रिक्स करा आणि तोंडापासून घशाकडे गुणत या. तुकडे नळीसारखे सरळ घेतले तर सर्वांत वरच्या वारंवारतेच्या तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाहून लहान हवेत. ५ किलोहर्ट्झला ६.९ सेंमी तरंगलांबी, म्हणून ६ मिमीच्या आत. मी २ मिमी घेतो, संगणकाला त्याचे काही वाटत नाही. शंकूचे तुकडे घेतले तर बरेच कमी पुरतात. तपासणी सोपी आहे: तुकडे दुप्पट करा, आलेख हलला नाही तर पुरेसे आहेत.

भोंग्यासारखा घडी घातलेला कर्णा याच पद्धतीने होतो. मध्यरेषेने लांबी मोजायची आणि वळणावरचे क्षेत्रफळ त्या रेषेला काटकोनात घ्यायचे. वळणाच्या आतल्या आणि बाहेरच्या वाटेतला फरक अर्ध्या तरंगलांबीएवढा झाला की दोन्ही वाटांनी आलेला आवाज एकमेकांना मारू लागतो. एकमितीय मॉडेल ते सांगणार नाही.

एकमितीय मॉडेल कुठे थांबते

गोल नळीत आवाज सरळ पुढे जाण्याखेरीज आडवाही हेलकावू शकतो, पण ठरावीक वारंवारतेच्या वरच. मध्यरेषेभोवती सारखा असलेला पहिला असा प्रकार, तिथला परीघ भागिले तरंगलांबी ३.८३ झाले की जागा होतो. आपल्या कर्ण्याच्या घशाशी ती वारंवारता १६ किलोहर्ट्झच्या वर आहे. १५ सेंमी आत, जिथे त्रिज्या ५० मिमी, तिथे ४.२ किलोहर्ट्झ. तोंडाशी १.९. म्हणजे घशाचा भार आणि कटऑफजवळचे वागणे एकमितीय मॉडेल नीट सांगेल, पण ४ किलोहर्ट्झला आवाज किती रुंद पसरेल हे त्याला विचारणे म्हणजे ज्योतिषाला विचारणे.

पसरण्याचा ढोबळ अंदाज डॉन कील यांच्या १९७५ च्या नियमाने येतो: २५,४०० भागिले कोन अंशांत, भागिले तोंडाची रुंदी मीटरमध्ये, म्हणजे कर्णा जिथपासून कोन सांभाळतो ती वारंवारता. आपला (दोन्ही बाजू मिळून) ४४.६ अंशांचा शंकू फक्त २.६ किलोहर्ट्झच्या वरच शिस्तीत आहे. ९० अंश १ किलोहर्ट्झपर्यंत सांभाळायचे तर तोंड २८ सेंमी लागेल. एक्स्पोनेन्शियल तर वर जाईल तसा झोत आणखी निमुळता करतो, कारण १० किलोहर्ट्झच्या ३.४ सेंमीच्या तरंगाला घशाजवळच्या जवळजवळ समांतर भिंतीच दिशा देतात. समोर बसलेल्याला उंच स्वर भरपूर आणि बाजूच्याला काहीच नाही, हे त्यामुळे.

त्यापुढे बाउंडरी एलिमेंट पद्धत. इथे तरंगाग्र धरावे लागत नाही, ते हिशोबातून निघते. भिंतीवर जाळे टाकायचे, प्रत्येक तुकडा वरच्या तरंगलांबीच्या सहाव्या हिश्शाएवढा. १० किलोहर्ट्झला ५.७ मिमी, म्हणजे आपल्या कर्ण्याच्या आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागावर सुमारे १०,००० त्रिकोण आणि मॅट्रिक्सला १.६ जीबी मेमरी. वारंवारता दुप्पट केली की मेमरी १६ पट. कर्णा गोल असेल तर अक्षाभोवतीच्या सममितीचा पर्याय वापरा, शंभर-दीडशे रेषाखंडांत तेच उत्तर मिळते. आयताकृती असेल तर दोन आरसे लावून चौथा भागच मांडा. एक सावधगिरी: बाहेरच्या अवकाशाचा प्रश्न सोडवताना ही पद्धत काही वारंवारतांवर खोटे अनुनाद दाखवते. सॉफ्टवेअरमध्ये ते टाळणारा बर्टन-मिलरचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा. आलेखात एकटाच सुईसारखा टोकदार काटा दिसला तर जाळे थोडे बदलून पुन्हा चालवा. काटा हलला तर तो कर्ण्याचा नव्हता.

तोंडाची कड इथे पहिल्यांदा बोलू लागते. नुसता कापलेला शंकू आणि कडेला ३-४ सेंमी त्रिज्येचा गोलवा दिलेला शंकू एकमितीय मॉडेलमध्ये जवळपास सारखे दिसतात. बाउंडरी एलिमेंटमध्ये पहिल्याच्या मध्यरेषेवर खळगे दिसतात आणि दुसऱ्याचे बरेच भरून निघतात. मी वक्राच्या निवडीवर तासन्‌तास वाद ऐकले आहेत आणि त्याच लोकांच्या कर्ण्यांची कड करवतीने कापलेली पाहिली आहे.

मोजून पाहणे

सगळ्यात स्वस्त आणि प्रामाणिक तपासणी म्हणजे विद्युत इंपिडन्स. एक रोधक, साउंड कार्ड आणि दहा मिनिटे. खोलीचा त्यात फारसा हात नसतो. शिखरांच्या जागा लांबी सांगतात आणि शिखरांची उंची तोंडाशी किती परावर्तन होते ते सांगते. मॉडेलची शिखरे सगळी एकाच दिशेला सरकलेली असतील तर लांबी किंवा तापमान चुकले आहे. फक्त खालची सरकली असतील तर तोंडावरचा भार चुकला आहे.

ध्वनिदाब मोजायला मोकळे मैदान हवे. कर्णा आणि माइक दोन्ही दीड मीटर उंच आणि एकमेकांपासून १ मीटरवर ठेवले तर जमिनीवरून येणारा आवाज ६.३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्याच वेळाची नोंद ठेवून बाकीचे कापा. अशा मोजमापात १६० हर्ट्झच्या खाली काही खरे नसते, पण ५०० हर्ट्झच्या कर्ण्याला त्याची गरजही नाही. दर १० अंशांनी कर्णा फिरवत मोजा, माइक हलवू नका. फिरवण्याचा मध्य तोंडाच्या प्रतलावर घेतला की घशाशी घेतला ते वहीत लिहा. मॉडेलमध्येही तोच मध्य द्यायचा असतो, नाहीतर ४० अंशांपलीकडचे आलेख कधीच जुळत नाहीत.